दोन पाण्यांतली डाळ : दर्यापूर तालुक्यातल्या एका सादरीकरणाचा प्रकरण अभ्यास

एम.ए. मराठीच्या विद्यार्थ्यांना आता शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीनं विषय निवडला तो स्वतःच्या घरातला: वऱ्हाडी बोलीतले स्वयंपाकाचे शब्द. गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, विहिरींना खारं पाणी लागणाऱ्या खारपाणपट्ट्यातलं. वर्षभरात तिनं आजीच्या, शेजारणींच्या, शेतात निंदणाऱ्या बायांच्या तोंडून शब्द गोळा केले आणि चार वह्या भरल्या. त्यानंतर तिनं हे काम तीन वेळा लोकांपुढे मांडलं. पहिल्यांदा जिल्ह्याच्या ठिकाणी एका चर्चासत्रात, दुसऱ्यांदा गावच्या समाजमंदिरात, तिसऱ्यांदा पुन्हा अभ्यासकांपुढे. या तीन मांडण्यांच्या मधे काय बिघडलं आणि काय सुधारलं, ते इथे लिहितो आहे. मी मार्गदर्शक होतो, त्यामुळे जे बिघडलं त्यात माझा वाटा मोठा आहे.

वह्यांमध्ये काय होतं

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्या सांबाराची वडी होते, तिला सांबारवडी म्हणतात आणि डोशाबरोबरच्या सांबाराशी तिचा काही संबंध नाही. पेरूला जांब म्हणतात, बटाट्याला आलू, करटोलीला काटवल, टाकळ्याला तरोटा. अळूची पानं कुठे धोपा असतात, कुठे चमकोरा. पिठल्याला चून म्हणतात आणि चून हाटतात, म्हणजे शिजताना ढवळत घोटतात. बोलताना ळचा य होतो: डाळीची डाय, पोळीची पोई, नळाचा नय. मला-तुलाच्या जागी मले-तुले येतं.

अशा शब्दांच्या याद्या हौसेनं पुष्कळांनी केल्या आहेत. तिच्या वह्यांचं मोल क्रियापदांत होतं. दाणा बारीक करायच्या कामाला मराठीत किती शब्द आहेत बघा: दळणं, भरडणं, कांडणं, कुटणं, ठेचणं, वाटणं, चेचणं, खलणं. प्रत्येकाचं हत्यार ठरलेलं आहे. जात्यावर दळतात किंवा भरडतात, उखळात कांडतात, पाट्यावर वाटतात, खलात खलतात. जात्याच्या तोंडात घास केवढा टाकला, यावरही दळणं आणि भरडणं वेगळं होतं. गावात विजेची चक्की आली तेव्हा दळण तिकडे गेलं आणि शब्दही सोबत गेला. भरडणं तेवढं मागे राहिलं, आणि आता ते बहुतेक म्हाताऱ्यांच्याच बोलण्यात सापडतं. हे तिनं कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. आजीनं एका सकाळी जातं मांडून, दोन वेळा दोन मापाचे घास टाकून दाखवलं आणि तिनं दोन्ही पिठं बोटांनी चोळून पाहिली. वहीत त्या पानावर पिठाचा डाग अजून आहे.

पहिलं सादरीकरण

चर्चासत्रात दहा मिनिटं मिळणार होती. निवड समितीला काम अभ्यासपूर्ण वाटावं म्हणून मी तिला सैद्धांतिक चौकट घ्यायला सांगितलं. एड्रियन लेहरर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1969 साली इंग्रजीतल्या स्वयंपाकाच्या क्रियापदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रत्येक क्रियापद घटकांत मोडून दाखवलं: पाणी आहे की नाही, तेल-तूप आहे की नाही, उष्णता कशी आणि किती वेळ. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी कच्चं, शिजलेलं आणि कुजलेलं असा जो त्रिकोण मांडला होता, तो शब्दांच्या पातळीवर कितपत टिकतो हेही बाईंनी पुढे तपासलं. पद्धत चांगली आहे. एका भाषेचा स्वयंपाक दुसऱ्या भाषेपुढे ठेवून पाहायचा तर असं काहीतरी हाताशी लागतंच.

चूक पद्धतीच्या वापरात झाली. तिनं वऱ्हाडी क्रियापदांचा तक्ता केला: आडव्या ओळीत पाणी, स्निग्ध पदार्थ, वाफ, थेट विस्तव, उभ्या ओळीत शिजवणं, उकडणं, तळणं, परतणं, भाजणं, शेकणं, आणि चौकटींत अधिक-उण्याच्या खुणा. तक्ता सुबक व्हावा म्हणून शब्द प्रमाण मराठीत आणले. डायची डाळ झाली, सांबाराच्या जागी सरळ कोथिंबीर आली. ज्या शब्दांना प्रमाण जोडीदार सापडेना, ते गळाले. हाटणं असंच गळालं. आणि हे सगळं मी तपासलं होतं, बरोबरची खूणही केली होती.

दहापैकी तीन मिनिटं त्रिकोणावर गेली, चार तक्त्यावर. उरलेल्या वेळात ती घाईघाईनं पदार्थांची नावं वाचत गेली. अध्यक्षस्थानी असलेले प्राध्यापक म्हणाले की संकलन छान आहे, पण हे पाककृतींचं पुस्तक झालं, यात भाषेचा प्रश्न कुठे आहे? ती गप्प राहिली. परतीच्या एसटीत म्हणाली, ‘सर, प्रश्न होता माझ्याकडे. मी तो तक्त्यात घालताना पुसून टाकला.’

त्या प्राध्यापकांचा मला राग आला नाही. त्यांच्यापुढे जे ठेवलं होतं, त्यावरून त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

पण एक गोष्ट मनात घोळत राहिली. वऱ्हाडीची सरकारी नोंद काही कालची नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड 1905 साली आला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. मात्र त्या सर्वेक्षणात बोलीबोलीची तुलना करता यावी म्हणून सगळीकडे एक मजकूर सारखा घेतला जाई, बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा. त्या गोष्टीत जेवण आहे, पण ते मेजवानीसाठी कापलेलं पोसलेलं वासरू आणि डुकरांपुढची टरफलं. म्हणजे वऱ्हाडचा माणूस बोलला, त्याचे विभक्ती-प्रत्यय नोंदले गेले, आणि त्याची चूल बहुतांशी नोंदीबाहेर राहिली. तक्ता नीटस दिसावा म्हणून आम्हीही तेच केलं होतं. आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, मराठीच्या आद्य गद्याची परंपरा उभी राहिली; लीळाचरित्रातली माणसं जेवतात, मागतात, वाढतात आणि तेव्हाच्या बोलण्यात बोलतात. गाडगेबाबा शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. त्यांचं कीर्तन वऱ्हाडीतच चाले, आणि ते आधी प्रमाण मराठीत करून घ्या असं कोणी म्हटलं नाही. सातशे वर्षांची ही वाट दाराशी असताना मी मुलीला कोथिंबीर लिहायला लावली.

समाजमंदिरातली दुपार

गावात मांडायची कल्पना तिची. ज्यांचे शब्द घेतले त्यांना दाखवल्याशिवाय प्रबंध बांधायचा नाही, असं तिनं ठरवलं. तूर निघाली होती, हरभरा अजून शेतात होता, बायांना दुपारी थोडी उसंत होती. भिंतीला पांढरी चादर बांधली, कॉलेजातून प्रोजेक्टर नेला. वीस-पंचवीस बाया आल्या, दारापाशी काही पुरुष उभे राहिले.

पहिल्याच पानावर एक काकू म्हणाल्या, ‘हे आमचं नाई बाई. आमी असं कुठी बोलतो?’ ती थांबली. प्रमाण मराठीतला शब्द वाचायचा नि बायांनी खरा शब्द सांगायचा, असं सुरू झालं. दहा मिनिटांची मांडणी दोन तास चालली.

मग तक्त्याचं पान आलं. शिजवणं: पाणी, अधिक. ती समजावून सांगत होती की शिजायला पाणी लागतं म्हणून इथे अधिकची खूण आहे. मघाच्याच काकूंनी विचारलं:

‘पाणी म्हन्जे कोनतं? नयाचं का इहिरीचं?’

‘काकू, पाणी म्हणजे पाणीच.’

‘नाई ना माय. इहिरीच्या पाण्यात डाय शिजत नाई, नुस्ती फुगते. थे काई शिजनं नोय.’

मी मागच्या बाजूला बसलो होतो. या पट्ट्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. खारं पाणी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, शब्दही ठाऊक होते, पण दोन्ही एकत्र मी कधी पाहिले नव्हते.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, खोल, कसदार. पण विहीर खोदली की पाणी खारं. आता शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं. ते गोडं पाणी. नळ नव्हता तेव्हा बाया पिण्यासाठी आणि डाळीसाठी लांबून गोडं पाणी आणत, बाकीचं सगळं विहिरीच्या पाण्यावर होई. अशा खाऱ्या, जड पाण्यात डाळ शिजत नाही, याचं कारण रसायनशास्त्र सांगतं: डाळीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे आणखी घट्ट होतं, विरघळत नाही. दाणा पाणी पितो, फुगतो, पण फुटत नाही. सोडा घातला तर फुटतो, चव मात्र जाते.

बायांनी हेच कामाच्या क्रमानं सांगितलं. डाळ आधी फुगते, मग फुटते, आणि फुटली की ती घोटायची. तिन्ही झालं तर शिजली. फुगून थांबली तर शिजली म्हणायचं नाही, चुलीवर चार तास असली तरी. एका सुनेनं सांगितलं की नवीन घरी आली तेव्हा सासूनं पहिली शिकवण दिली ती कोणत्या माठातलं पाणी कशाला, याची. माहेर तिचं मेळघाटाच्या पायथ्याचं, तिथलं पाणी गोडं. तिच्या माहेरच्या बोलण्यात डाळ फक्त शिजायची. फुगणं-फुटणं असं तोडून बोलायची तिथे गरजच नव्हती.

शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो. ते शीत कोणत्या पाण्यात शिजलं, हा प्रश्न माझ्या डोक्यात त्या दुपारपर्यंत आला नव्हता. ज्या पद्धतीत पाणी हा एकच, न फुटणारा घटक धरला होता, तो घटकच या गावात दोन निघाला, आणि त्यामुळे शिजणं या शब्दाचा अर्थ शेजारच्या तालुक्याहून वेगळा झाला. अध्यक्षांनी विचारलेला भाषेचा प्रश्न हाच होता.

रोडग्यांचंही असंच झालं. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. तक्त्यात त्यांची चौकट अर्धवट होती. बायांनी त्यावर बोलायचंच नाकारलं: ‘थे माणसायले इचारा.’ या गावात रोडगे पुरुष करतात, मारुतीच्या देवळापाशी नाहीतर शेतात. वर्षभर तिनं बायांनाच विचारलं होतं, कारण स्वयंपाक म्हणजे बाया हे आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं. दारातले पुरुष मग आत आले आणि त्यांनी निखारा कधी धरतो, गोवरी कोणती लागते, गोळा राखेत कधी उलटायचा, यावर अर्धा तास सांगितलं. त्यातले तीन शब्द तिच्या चारही वह्यांत नव्हते.

आणि मग ते घडलं, जे मला टाळता आलं असतं.

तिनं एक ध्वनिफीत लावली. एका आजींची. रात्री, घरात, दोघीच असताना त्या बोलल्या होत्या. ज्वारी ओलवून कांडायची, कोंडा पाखडून काढायचा, जात्यावर भरडायची, पीठ चाळून घ्यायचं, उरतील त्या कण्या. वर्णन इतकं नेमकं की आम्हाला ते सगळ्यांना ऐकवावंसं वाटलं. पण फीत पुढे जात राहिली. 1972 च्या दुष्काळात बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी, तिची भाकर, ती भाकर पोरांच्या घशाखाली कशी उतरेना. आणि नंतर, कोणाच्या घरून काय मागून आणलं, ते. समाजमंदिरात एकदम शांतता झाली. ज्यांच्या घरचा उल्लेख होता, त्या घरची सून समोर बसली होती. आजींनी पदर तोंडावर ओढला, उठल्या आणि निघून गेल्या.

रेकॉर्ड करायला त्यांची परवानगी होती. ऐकवायला नव्हती. त्या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे आम्ही विचारात घेतलं नव्हतं. जेवणाच्या शब्दांवर काम करताना हे फार जवळ असतं: पदार्थाचं नाव काढलं की त्या घरातली वेळ, जात, उधारी आणि उपास सगळं सोबत येतं. पुरणपोळीचं नाव कोणीही कुठेही सांगेल. कण्यांचं नाव माणूस ओळखीच्या माणसाला, अंधार पडल्यावर सांगतो.

संध्याकाळी ती एकटी आजींच्या घरी गेली. मी जाऊ का असं विचारलं, तर नको म्हणाली, आणि ते बरोबर होतं. फीत त्यांच्यासमोर फोनमधून काढून टाकायची तिची तयारी होती. आजी म्हणाल्या, ‘पुसू नोको. पन मले इचारल्याशिवाय लावू नोको.’

तिसरी मांडणी

पुढच्या वेळीही दहाच मिनिटं होती. या वेळी तिनं एकच पदार्थ घेतला: डाळ. त्रिकोण गेला. तक्ता राहिला, पण शेवटून दुसऱ्या पानावर आला, आणि त्यात पाण्याचे दोन रकाने झाले.

सुरुवात तिनं काकूंच्या प्रश्नानं केली, वऱ्हाडीत, जसा विचारला तसा. कोणी विचारला ते नावानिशी सांगितलं, काकूंनी होकार दिला होता म्हणून. मग दोन काचेचे ग्लास टेबलावर ठेवले. एका ग्लासात विहिरीच्या पाण्यात उकळलेली तुरीची डाळ, दुसऱ्यात नळाच्या. चुलीवर दोन्ही तेवढाच वेळ ठेवलेल्या. पहिल्यात दाणे अख्खे, फुगलेले, वरचं पाणी नितळ. दुसऱ्यात दाणा दिसत नव्हता. ग्लास तिनं पहिल्या रांगेत फिरवले. लोक ग्लास हातात घेऊन उजेडाकडे धरत होते, तोवर तिनं फुगणं, फुटणं, घोटणं आणि शिजणं हे चार शब्द सांगितले, आणि खारपाणपट्ट्यात यातला कोणता शब्द कोणत्या ग्लासाला लागतो ते विचारलं.

शब्द तिनं बोलले तसेच लिहिले, डाय हाच शब्द ठेवला, आणि जिथे बाहेरच्या वाचकाला अडेल तिथे बाजूला एका ओळीत अर्थ दिला. शब्द मोठा, अर्थ लहान. पहिल्या वेळी हे उलटं होतं.

एका श्रोत्यानं विचारलं की हा भाषेचा अभ्यास आहे की भूगोलाचा. ती म्हणाली, मेळघाटाच्या पायथ्याची मुलगी लग्न होऊन पूर्णाकाठी आली की तिला एका ओळखीच्या शब्दाचा अर्थ नव्यानं शिकावा लागतो; तो अर्थ कोश बदलून देत नाही, पाणी बदलून देतं. पुढच्या प्रश्नांना वेळ पुरला नाही, आणि चहाच्या वेळी लोक ग्लास घेऊन तिच्याभोवतीच उभे होते.

सगळं काही सुटलं असं नाही. दोन ग्लासांमुळे लक्षात राहिली ती डाळ, आणि भरडणं-दळणं याचा वर्षभराचा भाग मागे पडला. मला तो भाग डाळीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण खारं पाणी निदान विहिरीत आहे, जातं मात्र बहुतेक घरांतून अंगणात गेलं आहे आणि त्यावर तुळशीची कुंडी आहे. रोडग्यांचे पुरुषांनी दिलेले शब्द अजून तपासायचे आहेत. एकाच दुपारी मिळालेल्या तीन शब्दांवर मी तिला काही लिहू दिलं नाही.

प्रबंधाची एक झेरॉक्स प्रत तिनं गावात ठेवली आहे, अंगणवाडीत. समासात आता पेन्सिलीनं लिहिलेलं दिसतं. दोन ठिकाणी शब्द खोडून दुसरा लिहिला आहे, एका ठिकाणी नुसतं ‘नाई’.

आजींनी पोळ्याच्या आधी तिला निरोप पाठवून बोलावलं. फीत पुन्हा ऐकायची म्हणाल्या. दोघींनी ती दोनदा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना आजींनी हात वर केला, ‘अथी थांबव,’ आणि म्हणाल्या की इथपर्यंतचं कोणालाही ऐकव, माझं नाव घेऊन ऐकव. तिनं तिथेच कापलं. ज्वारी ओलवण्यापासून सुरू होणारी ती फीत आता कण्या उकळत्या पाण्यात पडतात तिथे संपते.